कमोडाभोवती रांगोळी

लालासाहेब : हे चौथं रबर हाय मोहिद्दीन. दोन वर्षांत चौथं. लडाखात आमच्या ट्रकची टायरं सुदिक एवढ्या लवकर बदलत न्हवती.

मोहिद्दीन : आवं सुभेदार, पयलं मला ते काढू तरी द्या. तुमी दारात उभं राहिलाय, आत सगळा अंधार झालाय.

लालासाहेब : घे उजेड. पण आज मला लेखी पायजे. 'हे रबर पाच वर्षं गळणार न्हाई' असं लिहायचं आन खाली तुझी सही.

मोहिद्दीन : रबराची ग्यारंटी माणसानं कशी द्यायची? माझ्या लग्नाची सुदिक कुणी दिली न्हवती.

शालूबाई : चहा घे बाबा मोहिद्दीन. यांचं ऐकू नगंस. सकाळी उठल्यापासनं हेच चाललंय. भाकरी उभ्यानं खाल्ली, अंघोळ केली का न्हाई ते त्यांनाच ठावं.

लालासाहेब : तू मधी पडू नगंस. मामला गंभीर हाय.

मोहिद्दीन : गंभीर तर हायच. सबंध पलूस तालुक्यात मेंढक्यासाठी अंगणात कमोड बांधणारं तुमचं एकटंच घर. गावात मला इचारत्यात, मोहिद्दीन, मेंढरं पण बसत्यात का रं त्याच्यावर?

लालासाहेब : कोण इचारतंय? नाव सांग त्याचं.

शालूबाई : झालं. आता बंदूक काढा.

लालासाहेब : आन त्याला मेंढका म्हणायचं न्हाई. बिराप्पा म्हणायचं.

मोहिद्दीन : चुकलं. पण मी तरी काय करू? दोन वर्षं ह्ये रबर बदलतोय, त्या माणसाचं नाव ऐकतोय, माणूस काय बघितला न्हाई. एवढं काय हाय त्याच्यात?

शालूबाई : थांब, मी सांगते. हे सांगाय लागले तर लडाखापासनं सुरुवात करतील. बिराप्पा जतचा. दर साल दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आमच्या रानात यायचा, चार रात्री बसवायचा. मेंढराचं खत पडलेलं रान आन दुसरं रान, उसाकडं बघून कळतंय. हे फौजेत असताना पण यायचा. आज एकतीस वर्षं झाली. पण ते खताचं सोड. महापुराच्या साली नदीचं पाणी ह्या उंबऱ्यापर्यंत आलं, तवा सगळा गाव शाळेकडं पळाला. आमी म्हसरं कुठं न्यायची म्हणून बसलोय, तर ह्यो माणूस टेम्पो घेऊन दारात. कोण जाणं कसा पोचला. दोन म्हसरं आन आमी दोघं, चौघांना भरून जतला नेलं. बावीस दिवस ठेवलं.

मोहिद्दीन : जतला तर त्या साली टँकर चालू हुते की.

शालूबाई : तेच सांगते. इकडं गाव पाण्यात, तिकडं चार दिवसांनी एक टँकर. त्यातनं रोज दोन बादल्या माझ्या अंघोळीला बाजूला ठेवायचा. सवता ओल्या फडक्यानं अंग पुसायचा. मी म्हणलं, भाऊ, मला एक बादली बास. तर म्हणला, तुमी नदीकाठची माणसं, तुमाला पाण्याची सवय.

लालासाहेब : आन त्याच माणसाचा खुबा मोडला. विहिरीत पडलेलं करडू काढाय उतरला हुता. मिरजेला ऑपरेशन झालं, आत नवा गोळा बसवला. डॉक्टरनं सांगितलं, आता उकिडवं बसायचं न्हाई, जन्मात न्हाई. तवा त्यानं मला फोन केला. म्हणला, लाला, माझं येणं संपलं. तुझ्या रानात मी जाऊ कुठं आन बसू कुठं? म्हणून मी ह्यो बांधला. पंधरा दिवसांत.

मोहिद्दीन : मग आला का न्हाई?

लालासाहेब : आला. दोन महिन्यांनी, काठीवर चालत. एक रात्र राहिला. सकाळी ह्यात गेला, आन तू बसवलेलं पयलं रबर गळलेलं. फरशीवर पाणी. काठी सरकली त्याची. मी अंगणात दात घासत हुतो, मला आवाज आला. मोहिद्दीन, मी गोळीबाराचे आवाज ऐकल्यात. पण त्या आवाजानं मी ब्रश टाकून पळालो. माझ्या घरात पडला तो, त्याच खुब्यावर.

शालूबाई : कायबी झालं न्हवतं. हसत उठला आन चहा पिऊन गेला.

लालासाहेब : मला न्हाई हसू आलं.

शालूबाई : तवापासनं हे त्याला येऊ देत न्हाईत. तो फोन करतो, येऊ का? हे म्हणत्यात, गावात लाईट न्हाई. पुढच्या बारीला म्हणत्यात, घरात रंगकाम काढलंय. अरं, कुठला रंग? भिंती बघ घराच्या.

लालासाहेब : गळका संडास दाखवाय बोलवायचं का त्याला?

शालूबाई : आन आता त्याचं काय झालं ते पण सांगा.

लालासाहेब : तू सांग. तुला फोन आलाय.

शालूबाई : त्याची पोरं मेंढरं घेऊन परवा आली. रानात बसल्यात, गुरुवारी उठणार. काल सांजच्याला बयाबाईचा फोन आला. बयाबाई म्हंजे त्याची बायको. म्हणली, वैनी, यांनी पोरांना सांगितलंय, ह्येच शेवटचं साल. पुढल्या सालापासनं मेंढरं पलूसला न्यायची न्हाईत. मी म्हणलं, का गं? तर म्हणली, ह्ये म्हणत्यात, लालाला आता आपला कंटाळा आलाय.

मोहिद्दीन : या अल्ला.

लालासाहेब : उद्या पहाटं त्याचा भाचा पिकअप घेऊन जतहून मिरजेला यायचा हाय. बयाबाई म्हणली, आज दुपारी बारा वाजायच्या आत माझा फोन गेला तर बिराप्पा त्यात बसून हिकडं येतोय. न्हाई गेला तर एकतीस वर्षं संपली. आन फोन मी तवाच करणार, जवा तू लिहून देशील की फरशी कोरडी राहती. आता कळलं का तुला, लेखी कशाला पायजे?

मोहिद्दीन : कळलं. चहा राहू द्या काकी. सुभेदार, हिकडं या. टाकीचं पाणी बंद केलंय. कमोड जरा पुढं सरकवायचाय. सावकाश, हिसका नगं. बास. आता ह्यो मागचा सांधा बगा. इथनं घाण मागच्या पायपात जाती. त्या सांध्यात ह्ये रबर.

लालासाहेब : दिसतंय मला. हलक्या कंपनीचं हाय.

मोहिद्दीन : दुकानातलं सगळ्यात भारी हाय ते. हे बगा नवं, माझ्या पिशवीतलं. आन हे तुमचं, तीन महिन्यांमागं बसवलेलं. भज्यासारखं फुगलंय. हाताला चिकटतंय. धरा, वास घ्या.

लालासाहेब : संडासातल्या रबराचा वास मी घेऊ?

मोहिद्दीन : संडासाचा वास येतच न्हाई त्याला, तीच तर गंमत हाय. काकी, तुमी घ्या.

शालूबाई : आण. अरं, ह्यो तर शिलाई मशीनच्या तेलाचा वास.

मोहिद्दीन : मला पण तसंच वाटलं.

शालूबाई : आवं. तरीच माझी तेलाची बाटली पंधरा दिवसांत रिकामी. मी त्या शेजारच्या सोनियावर आळ घेतला. शिवण शिकाय येती बिचारी, तिला म्हणलं, तेल जरा जपून वापर. पोरगी दोन दिवस आली न्हाई.

लालासाहेब : आता त्यात एवढं काय? रबर मऊ राहावं म्हणून दोन थेंब सोडत हुतो. फौजेत हत्याराला तेल दिलं न्हाई तर शिक्षा हुती.

मोहिद्दीन : हत्यार लोखंडाचं असतंय, सुभेदार. लोखंडाला तेल म्हंजे औषध. रबराला तेल म्हंजे जहर. ते तेल पितंय, फुगतंय, आन मग ढिलं पडतंय. दोन थेंब म्हणता, किती दिवसांनी?

लालासाहेब : दर रविवारी.

मोहिद्दीन : रविवारीच का?

शालूबाई : मेंटेनन्स परेड असती यांची. रविवारी सकाळी खाकी चड्डी घालून सगळ्या घराचे नट-बोल्ट तपासत्यात. शिलाई मशीन, पंपाची मोटर, दाराच्या कड्या. एकदा माझ्या कुकरची शिट्टी पिळली, दाळ शिजंना.

मोहिद्दीन : मग कमोडचे स्क्रू पण तुमीच पिळता.

लालासाहेब : पाव पिळा. फक्त पाव. ढिला पडू नये म्हणून.

मोहिद्दीन : तीन महिन्यांत रविवार झाले बारा. बारा पाव म्हंजे तीन पूर्ण पिळे. हा बगा, ह्या स्क्रूखाली मी प्लास्टिकचा वायसर ठेवला हुता, त्याचा चुरा झालाय. उजवीकडचा जास्त पिळलाय, म्हणून कमोड एका अंगाला कललाय आन मागनं सांधा उघडलाय. पायाला हिकडं तडा गेलाय, बोट फिरवा. ह्यो चिनी मातीचा माल हाय. रणगाडा न्हवं.

लालासाहेब : आता नवा कमोड आणाय लागणार का?

मोहिद्दीन : न्हाई, पाण्याच्या वाटेला तडा न्हाई. पण अजून दोन रविवार गेले असते तर बिराप्पा अर्ध्या कमोडवर बसला असता.

शालूबाई : बगा. मी रोज म्हणत हुते, त्या पान्याला हात लावू नगा.

मोहिद्दीन : काकी, आता तुमच्याकडं येतो. फरशीच्या ह्या सांध्यातलं सिमेंट पांढरंफटक का पडलंय? आन रबराची ही कड कुरतडल्यावानी?

शालूबाई : मला काय ठावं बाबा.

मोहिद्दीन : ॲसिड ओततंय कोण?

शालूबाई : शनिवारी जरासं.

लालासाहेब : किती जरासं?

शालूबाई : अर्धी बाटली. आता असं डोळं वटारून बघू नगा. पाव्हण्याची जागा, लख्ख नगं व्हय?

मोहिद्दीन : पण वापरतंय कोण? घाण कुठली साफ करता?

शालूबाई : वापरत तर कुणीच न्हाई. कुलूप असतंय. किल्ली बघ यांच्या करगोट्याला. झोपताना सुदिक सोडत न्हाईत.

मोहिद्दीन : म्हंजे बांधल्यापासनं ह्याच्यावर एकटा बिराप्पा बसलाय? ते पण एकदा?

लालासाहेब : त्याच्यासाठी बांधलाय. आपण वापरून घाण कशाला करायची? आमचा जुना हाय की मागं, उकिडवा. आमाला काय धाड भरलीय?

मोहिद्दीन : आता सगळा हिशोब लागला. शनिवारी काकींचं ॲसिड, रविवारी तुमचं तेल आन पाना, आन सोमवार ते शुक्रवार कुलूप. आवं, त्या बिचाऱ्या रबरानं जगावं कवा?

लालासाहेब : कुलपानं काय हुतंय? वापरलं न्हाई तर झिजणार पण न्हाई.

मोहिद्दीन : हिथंच तर सगळी माणसं फसत्यात. मेढ्याकडं एका पुणेकरानं डोंगरात बंगला बांधलाय. सालातनं पंधरा दिवस येतो. चार संडास, सगळे भारी. दोन वर्षांत चारी रबरं वाळून कडक, हातात घेतली की पापडावानी मोडत हुती. आन तासगावच्या स्टँडजवळ एक लॉज हाय, तिथं आमच्या अब्बांनी बसवलेलं रबर हाय. अब्बांना जाऊन आठ वर्षं झाली, त्याच्या आधी आठ वर्षं त्यांनी ते बसवलेलं. सोळा वर्षं झाली. दिवसाला वीस माणसं बसत्यात. अजून टिपूस गळत न्हाई. रबराला ओल पायजे, रोजचं पाणी पायजे. नुसतं राखून ठेवलं की ते मरतंय.

लालासाहेब : सोळा वर्षं?

मोहिद्दीन : टाकीतला वायसर तेवढा टिकत न्हाई. तो चार-पाच वर्षं, आन तुमच्या बोअरच्या खारट पाण्यात दोनच. पण ह्ये मागचं रबर दहा-पंधरा वर्षं बघायची गरज न्हाई. अट एकच, हात लावायचा न्हाई.

लालासाहेब : मग हे तू मला आधी का सांगितलं न्हाईस? मागच्या बारीला पण तूच बदललंस. तवा पण वास आला असंल.

मोहिद्दीन : आला हुता.

लालासाहेब : मग?

मोहिद्दीन : खरं सांगू? दुसऱ्या बारीलाच आला हुता. मी नुसतं म्हणलं, सुभेदार, ह्याला कुणी तेल... तर तुमी म्हणला, तेवीस वर्षं फौजेत काढल्यात, मला मेंटेनन्स शिकवतोस व्हय? एवढा आवाज चढवला, म्हसरं उठून उभी राहिली. मी म्हणलं, जाऊ दे, कंपनीवर ढकलावं. माझं चुकलं ते. मला काय ठावं, तिकडं जतला एक माणूस रुसून बसलाय?

शालूबाई : यांच्या तोंडापुढं कोण बोलणार? मी पण न्हाई बोलत.

लालासाहेब : तू न्हाई बोलत? मग सकाळपासनं रेडिओ लागलाय व्हय?

मोहिद्दीन : काकी, मगाशी पाण्याचा कॉक बंद कराय मागं गेलो हुतो. तुमच्या जुन्या संडासात छताच्या कडीला ती दोरी कशाला बांधलीय?

लालासाहेब : टॉवेल अडकवायला असंल. तू काम कर. साडेदहा झाले.

शालूबाई : मी नवा चहा टाकते. आई गं. बसलं की उठवंना झालंय.

(पाऊण तासानं. नवं रबर बसलंय, कमोड सरळ उभा हाय.)

लालासाहेब : पिळ की अजून. हलतंय बघ.

मोहिद्दीन : हलत न्हाई. तुमाला पिळायची खाज सुटलीय. आन तो पाना हिकडं द्या. द्या म्हणतो. आज ह्यो माझ्या पिशवीत जाणार.

लालासाहेब : मिल्ट्रीचा पाना हाय तो.

मोहिद्दीन : रिटायर झाला. काकी, घरात रांगोळी हाय?

शालूबाई : हाय की. कशाला?

मोहिद्दीन : गळती बघायची ती रांगोळीनं. अब्बा असंच बघायचे. डोळ्याला पाणी दिसायच्या आधी रांगोळी भिजून काळी पडती. कोरडी भुकटी ह्याच्या बुडाभोवती गोल सोडायची.

शालूबाई : संडासाभोवती रांगोळी? माझ्या सासूनं बघितलं असतं तर मला माहेरी धाडलं असतं.

लालासाहेब : सोड. टाइम जातोय.

शालूबाई : सोडते. सरका दोघं. नुसता गोल काढू, का पाकळ्या काढू?

मोहिद्दीन : नुसता गोल बास.

शालूबाई : पाकळ्या काढते. काढायचीच हाय तर नीट काढावी. पाव्हणं येणार घरात.

लालासाहेब : येणार का न्हाई ते ठरायचंय अजून.

मोहिद्दीन : झालं? आता मी टाकी सोडतो. एक. थांबा, भरू द्या. दोन. बगा काकी, कुठं काळं पडतंय का?

शालूबाई : न्हाई. पांढरी सफेद हाय.

मोहिद्दीन : ह्ये झालं रिकामं. पण वर माणूस बसला की वजन येतंय, जरा झुकतंय, खरा सांधा तवा कळतोय. सुभेदार, बसा.

लालासाहेब : मी?

मोहिद्दीन : झाकण लावून बसा, कपड्यावर. पंधरा मिनिटं. मी मधनं मधनं पाणी सोडतो.

लालासाहेब : तू बस की. तुझं वजन पण हाय चांगलं.

मोहिद्दीन : मी बसलो तर रांगोळीकडं वाकून कोण बघणार?

लालासाहेब : ते त्याचं हाय. मी दोन वर्षांत टेकलो न्हाई त्याच्यावर.

शालूबाई : आवं, देवळातली गादी हाय का ती? बसा. पाकळ्यांवर पाय देऊ नगा.

लालासाहेब : बसलो. झालं समाधान?

मोहिद्दीन : जरा डावीकडं कला. आता उजवीकडं. सोडतो पाणी. काकी?

शालूबाई : कोरडी हाय.

मोहिद्दीन : पंधरा मिनिटं तसंच बसायचं. आन रिकामं बसून काय करता? फोन करा.

लालासाहेब : हिथनं?

मोहिद्दीन : अकरा वाजून गेले. पंधरा मिनिटांनी तुमी म्हणणार अजून पंधरा. मग बारा वाजतील.

लालासाहेब : गळलं तर? पुन्यांदा पडला तर, मोहिद्दीन?

मोहिद्दीन : तर मी पयला पळत येईन. पण आत्ता रांगोळी कोरडी हाय. समोर बगा. मला जेवढं येतंय तेवढं मी केलंय, आता राहिलंय ते तुमच्या हातात.

शालूबाई : हे घ्या, लावलाय मी. वाजतोय. बोला.

लालासाहेब : अगं, तू... हॅलो. बिराप्पा? लाला बोलतोय. व्हय. मेंढरं पोचली, झ्याक हायती. पोरं पण. न्हाई, लाईटीचं न्हाई. ऐक. लाईट गेलीच न्हवती. रंगकाम पण न्हवतं. मी खोटं बोललो तुला. दोन्ही बारीला. अरं, ऐकून घे. कंटाळा कशाचा? तुझा कंटाळा आला असता तर... संडास गळत हुता. संडास. तू पडलास न्हवं का, तोच. दोन वर्षं गळतोय. माझ्यामुळंच गळत हुता, ते आल्यावर सांगतो. मला भ्या वाटत हुतं रं. दुसरं काय न्हाई. तू पुन्यांदा माझ्या घरात पडशील, ह्याचं भ्या. हॅलो? हसतोस काय? आता? आता व्हय, त्याच्यावरच बसलोय. पाण्याचा आवाज म्हंजे मोहिद्दीननं टाकी सोडली. मोहिद्दीन म्हंजे प्लंबर. हो, आन शालू पण हाय. सगळी हिथंच. रांगोळी काढलीय भोवतीनं. खरंच काढलीय, पाकळ्यांची. ये आन बघ. हां. हां. बरं. सांगतो. ठेव.

शालूबाई : काय म्हणला?

लालासाहेब : थांब जरा.

शालूबाई : डोळं पुसा पयलं. मोहिद्दीन, तू तिकडं बघ बाबा.

मोहिद्दीन : मी रांगोळीच बघतोय काकी.

लालासाहेब : म्हणला, दोन वर्षं मी हिकडं झुरत हुतो, आन तू रबराला तेल घालत बसला हुतास? शालू, त्याला तेलाचं कुणी सांगितलं?

शालूबाई : बयाबाईला मी सांगितलं. चहा टाकायला गेले तवा. माझ्याकडं पण फोन हाय म्हणलं.

लालासाहेब : म्हणला, पडलेलं आठवतंय, पाणी काय आठवत न्हाई. तू मला लेकरागत उचललंस आन रडलास, तेवढं ध्यानात हाय.

शालूबाई : तुमी रडला हुता? मला म्हणला, तोंड धुतलंय.

लालासाहेब : तोंडच धुतलं हुतं. दात घासत हुतो न्हवं का मी.

मोहिद्दीन : आन येतोय का?

लालासाहेब : उद्या सकाळी. बयाबाईला पण आणतोय. पोरांना सांग म्हणला, गुरुवारी मेंढरं उठवायची न्हाईत, रविवारपर्यंत बसू द्या. आन पुढल्या सालाचं रान आत्ताच ठरवून ठेव म्हणला.

शालूबाई : मग भाकरीचं पीठ दळून आणाय लागंल. आन सोनियाला पण बोलवते मदतीला. पोरीची माफी मागायचीय मला.

मोहिद्दीन : पंधरा मिनिटं झाली. बगा सुभेदार, वाकून बगा सवता. एक पाकळी काळी न्हाई.

लालासाहेब : मग दे लिहून.

मोहिद्दीन : देतो की. दहा वर्षांचं देतो. पण अटी माझ्या. तेल न्हाई, पाना न्हाई, ॲसिड न्हाई. आन ते कुलूप काढायचं. रोज कुणीतरी बसलं पायजे ह्याच्यावर, रोज पाणी पडलं पायजे.

लालासाहेब : बिराप्पा रविवारी जाणार. मग रोज कोण बसणार? मला ह्याच्यावर सुचत न्हाई, मला उकिडवंच पायजे.

मोहिद्दीन : ती मागची दोरी कशाची, ते काकींना इचारा.

लालासाहेब : टॉवेलची.

शालूबाई : टॉवेल तारंवर वाळतोय आपला. पंचवीस वर्षं.

लालासाहेब : मग दोरी कशाला?

शालूबाई : धरून उठायला. गुडघं साथ देत न्हाईत. दीड वर्ष झालं.

लालासाहेब : दीड वर्ष? आन मला सांगायचं न्हाईस?

शालूबाई : काय सांगू? तुमी म्हणला, ते बिराप्पाचं हाय. त्या माणसानं मला दोन बादल्या रोज दिल्या, त्याच्या जागेवर मी डोळा ठेवू? म्हणलं, दोरी बांधावी.

लालासाहेब : शालू, मी रोज त्याच संडासात जातोय. रोज ती दोरी बघतोय.

शालूबाई : बघितली हुती की. टॉवेल अडकवला हुता तुमी एकदा.

मोहिद्दीन : मी अंगणात थांबतो. पिशवी भरायचीय.

लालासाहेब : थांब. जाताना ही किल्ली घेऊन जा, कुलूप पण. करगोट्याची गाठ सुटंना झालीय. शालू, सोड बघू जरा.

शालूबाई : आण हिकडं. किती पिळून बांधलीय. झाली. आता बघून पाऊल टाका, पाकळ्या मोडू नगा.

लालासाहेब : शालू, म्हंजे मी...

शालूबाई : ते मागनं बोला. उठा आता. मला बसायचंय.